ढब्बूच्या कोऱ्या पेशी

आरती सुरू व्हायची एका देवाची आणि संपायची भलत्याच देवाची! यंदा गणपती बसल्यापासून नेरूरकरांच्या घरी रोज हेच. चूक ढब्बूची. ढब्बू म्हणजे त्यांचा यंत्रमानव. आवाज खणखणीत, म्हणून आरती सांगायला पुढे तोच. यंदा घरातल्या छोट्या ऋजुताने त्याला एक नवी आरती शिकवली, तिची चाल नेमकी जुनीसारखीच निघाली. मधल्या कडव्याला स्वारी जुनीत घसरायची, मागोमाग सगळं घर घसरायचं.

हसून सोडून दिलं असतं हो. पण आज त्याने आईची गोळ्यांची नवी डबी आजोबांच्या हातात ठेवली. आईची आणि आजोबांची, दोन्ही डब्या निळ्याच! आजोबांनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

"उद्या दुरुस्तीवाले येतायत," आई म्हणाली. "सगळी स्मृती पुसून नव्याने भरतील."

ऋजुताला चालायला ढब्बूने शिकवलं होतं. तेही पुसणार? ती धावतच आजोबांकडे गेली. आजोबा मेंदूचे शास्त्रज्ञ, ढब्बूचा मेंदू त्यांनीच घडवलेला.

"आजोबा, इतकं सगळं आठवतं त्याला, मग गल्लत का होते?"

"सगळ्या पेशी जुन्या ना त्याच्या! ओळखीची चाल कानावर पडली की त्या म्हणतात, हे तर माहितीये आम्हाला. फरक बघतच नाहीत."

"मग आपल्या मेंदूत?"

"आपल्या हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणी घडवणारा मेंदूचा भाग) नव्या चेतापेशी (निरोप नेणाऱ्या पेशी) जन्मतात. उंदरांमध्ये हे पक्कं दिसलंय. मोठ्या माणसांत किती जन्मतात, यावर आम्ही अजून भांडतोय! या तान्ह्या पेशी भारी चौकस. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला बारीक फरक टिपायला त्या मदत करतात."

"मग ढब्बूला द्या की तशा!"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. हे आपल्याला कसं सुचलं नाही? त्यांनी लगेच ढब्बूच्या डोक्यात कोऱ्या पेशींची एक चकती बसवली. "पण ऐक, शिकायला काही मिळालं नाही, तर यातल्या बऱ्याचशा मरतात. आता काम तुझं."

ऋजुता दुपारभर ढब्बूला घेऊन बसली. दोन्ही आरत्या, दोन्ही डब्या, दोन्हींतले फरक. घसा बसला, पण पोरगी हटली नाही.

संध्याकाळी ढब्बूने आधी दोन्ही डब्या ज्याच्या त्याला बिनचूक दिल्या. मग नवी आरती सुरू झाली. मधलं कडवं आलं. ऋजुताने डोळे गच्च मिटले. ढब्बू क्षणभर थांबला आणि नव्याच आरतीत पुढे गेला!

घसरले ते आजोबा. एकटेच, मोठ्या आवाजात, थेट जुन्या आरतीत.

"आजोबा, ही ती नव्हे," ढब्बू हळूच म्हणाला.

आईला हसू आवरेना. तिने तिथूनच दुरुस्तीवाल्यांना नको म्हणून कळवलं. ऋजुताने ढब्बूला घट्ट मिठी मारली.

"धावणाऱ्या उंदरांत नव्या पेशी जास्त जन्मतात म्हणे," आजोबा कान पकडत म्हणाले. "ऋजू, उद्या मैदानावर मलाही ने. आणि येताना ती नवी आरती शिकव."