तिसरा ठोका

आधीच सांगून टाकते, जेरिएल पालमारेस माझ्या प्रेमात पडायच्या आधी माझ्या ड्रमखाली सापडला होता.

इलोइलो शहरातली शनिवारची संध्याकाळ होती. बास्केटबॉलची मॅच संपवून मी ला पाझ भागाकडे जाणाऱ्या जीपनीत चढले, ती सगळ्यात मोठा ड्रम कवेत घेऊनच. समोरासमोर दोन लांब बाकं, गुडघ्याला गुडघे लागलेले, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आमच्या कॉलेजचा लाल ड्रम. सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेल्या एका मानांगनी, म्हणजे मावशींनी, माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी म्हैसच घेऊन चढले होते. तेवढ्यात पावसाची सर आली. सगळ्यांनी भराभर प्लॅस्टिकचे पडदे खाली सोडले आणि पुलाच्या उतारावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. ड्रम माझ्या हातातून सुटला आणि घरंगळत थेट दाराशी बसलेल्या एका लांब पायांच्या मुलाच्या अंगावर गेला.

त्याने तो एका हाताने अडवला.

"सॉरी हं..." मी म्हणाले आणि मग त्याचं हिरवं जॅकेट पाहिलं. "नाही, राहू दे. सॉरी परत घेते."

"घे," तो हसला. "तसंही दुपारभर याच ड्रमने माझे कान फोडलेत. आता पाय फोडला, हिशेब पुरा झाला."

त्याला कोण ओळखत नव्हतं! दोन वर्षं आमच्याकडे खेळून हा गडी नदीपलीकडच्या कॉलेजात निघून गेला होता. आमच्या संघाला सगळे 'घारी' म्हणतात आणि त्यांच्या संघाला 'रेडे'. घार सोडून रेड्यांच्या कळपात शिरलेला माणूस म्हणून अख्खं कॉलेज त्याच्या नावाने बोटं मोडायचं. कॉलेज बदललं की वर्षभर खेळता येत नाही, असा लीगचा नियम. ते वर्ष त्याने साधा शर्ट घालून बाकाच्या टोकाला बसून काढलं होतं. म्हणूनच तर मी त्याच्यासाठी खास ठेका बसवला होता. तो फ्री थ्रोच्या मोकळ्या फेकीला उभा राहिला की माझे तीन ठोके, आणि त्यावर आमच्या चार हजार पोरांचा गजर, "बा-का-वर! बा-का-वर!"

त्या दिवशी त्यांनी आम्हाला सहा गुणांनी हरवलं होतं. माझा घसा बसला होता, पण तोंड शाबूत होतं.

"ठेका आवडला का?" मी विचारलं.

"आवडला की. फक्त तुझा तिसरा ठोका उशिरा पडतो."

"काय?"

"एक, दोन... मग जरा थांबतेस, मग तिसरा. कुणी सांगितलं नाही तुला?"

पाच वर्षं मी ड्रम वाजवतेय. शाळेपासून! माझ्या ठोक्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. मी शांतपणे माझं अस्त्र बाहेर काढलं.

"आणि आमचं गीत सुरू झालं तेव्हा तुझी मूठ वर गेली, ती? तीही कुणी सांगितली नाही वाटतं?"

त्याचं हसू तिथेच विरलं.

आमच्याकडे मॅच संपली, की दोन्ही संघ उभे राहून दोन्ही कॉलेजांची गीतं ऐकतात. आधी हरलेल्यांचं, मग जिंकलेल्यांचं. आम्ही मूठ वर करतो, पलीकडचे छातीवर हात ठेवतात. त्या दिवशी आमचं गीत लागलं आणि रेड्यांच्या रांगेत एक मूठ खांद्यापर्यंत वर आली. मग तिला भान आलं आणि ती घाईघाईने कान खाजवू लागली. चार हजार लोकांत ते फक्त मी पाहिलं.

"कान खाजत होता," तो म्हणाला.

"आमच्या गीताच्या पहिल्याच ओळीला?"

"हो. त्याच ओळीला खाजतो." मग बाहेर पाहून त्याने छताच्या दांड्यावर नाणं वाजवलं. "लुगार लांग!" जीपनी थांबली. उतरताना तो वाकून म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस... ड्रमवाली."

"वेंग," मी म्हणाले. "वेंग तुपास. नाव लक्षात ठेव आणि गप्प राहा."

घरी गेल्यावर मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. तिसरा ठोका खरंच उशिरा पडत होता. मेल्याचं बरोबर होतं!

पुढच्या बुधवारी तो ला पाझच्या बाजारात बाचॉय सूपच्या दुकानात भेटला. योगायोगाने. म्हणजे तो मला तसं म्हणाला, आणि मीही त्याला तसंच म्हणाले. वाफाळती वाटी समोर आली. त्याने आपल्या वाटीतली डुकराची कुरकुरीत साल वेचून माझ्या वाटीत टाकली.

"ही लाच आहे का?"

"छे, दंड. तुझ्या ठोक्याला नावं ठेवल्याचा."

"मग अजून टाक. आणि एक सांग, आम्हाला सोडून का गेलास?"

सगळे हा प्रश्न त्याच्या पाठीमागे विचारायचे. समोर विचारणारी मी पहिलीच असावी. त्याने उगाच दुःखी चेहरा केला नाही, सबबी सांगितल्या नाहीत.

"मला खेळायचं होतं गं. दोन वर्षांत मी सगळी मिळून एकोणीस मिनिटं मैदानात होतो. बाकावर बसून टाळ्या वाजवायला मी इलोइलोला आलो नव्हतो. पण ते गीत मी सोळाव्या वर्षी पाठ केलंय. ते कसं विसरायचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

मी वाटीत चमचा फिरवत राहिले. 'बाकावर बस' हा ठेका आपण बसवलाय, याची त्या क्षणी मला लाज वाटली आणि त्याच क्षणी तो मला आवडला. दोन्ही एकदमच झालं, लपवण्यात काय अर्थ आहे!

मग असे बुधवार येत गेले. त्याचा समुद्री इंजिनिअरिंगचा शेवटचा महिना-दीड महिना उरला होता. जानेवारीत तो बोटीवर उमेदवारीला जाणार होता. कधी नदीकाठच्या फरसबंद वाटेवर आम्ही चालायचो, माझ्या छत्रीत त्याचं डोकं मावायचं नाही, म्हणून छत्री तोच धरायचा आणि स्वतः भिजायचा. चालताना हाताला हात लागायचा... आणि दोघंही एकदम हवामानावर बोलायला लागायचो.

पण शहर ते केवढं! आमच्या ड्रमच्या ताफ्याचा कप्तान नोंग बेबोत, त्याच्या कानावर गेलंच. हा नोंग, म्हणजे आमचा दादा, सात वर्षं इथेच शिकतोय, कारण पास झाला तर ड्रम सोडावा लागेल. यंदा मात्र चुकून पास होणार होता. गळ्यातली पितळी शिट्टी तो फायनलनंतर कुणाला देणार, यावर ताफ्यात पैजा लागल्या होत्या. या शिट्टीवर अठ्ठावीस ड्रम चालतात. आजवर ती एकाही मुलीच्या गळ्यात पडली नव्हती, आणि मला ती हवी होती.

"वेंग," तो म्हणाला, "शिट्टी तुझीच आहे असं मी ठरवून बसलो होतो. आता पोरं विचारतात, हिचा हात त्या लंबूवर हलका तर पडणार नाही? फायनल त्यांच्याशीच आहे. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, की रविवारी बघा."

"उर्मट आहेस."

"तुमच्याच हाताखाली शिकले, नोंग."

शुक्रवारी मी जेरिएलला नदीकाठी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. 

"मग तुला एक सांगायला हवं," तो म्हणाला. "यंदा तुमच्याविरुद्ध माझा एकही फ्री थ्रो चुकलेला नाही. का, माहीत आहे?"

"कारण तू शहाणा आहेस असं तुला वाटतं."

"कारण मी तुझ्या ठेक्यावर बॉलचे टप्पे देतो. एक, दोन... आणि तिसरा उशिरा. त्या उशिरात मी श्वास घेतो आणि बॉल सोडतो. बाकीच्यांच्या गोंगाटात माझे दहातले चार चुकतात. तुझ्या ठेक्यावर नाही."

मला हसावं की रडावं कळेना. ज्याला हिणवायला ठेका बसवला, त्यालाच मी वर्षभर गुण वाढत होते!

"हे मला का सांगितलंस? रविवारी मी हे वापरेन हं."

"म्हणून तर सांगितलं. तुझी शिट्टी माझ्यामुळे जायला नको." तो माझ्याकडे वळला. "आणि वेंग, वापरलं नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. कुणी माझ्यावर दया करून जिंकू देऊ नये. बाक त्यापेक्षा बरा."

"वापरलं तर?"

"तर चिडेन. मग बोलेन."

रविवारी दुपारी क्रीडागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे फिरत होते, वारा कुठेच नव्हता. अर्धं सभागृह लाल, अर्धं हिरवं. चारही डाव आम्ही एकमेकांना सोडलं नाही. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा गुण समान होते, बहात्तर-बहात्तर, आणि आमच्या पोराने जेरिएलला बास्केटखाली धक्का दिला. दोन फ्री थ्रो.

"वाजव, वेंग!" नोंग बेबोत ओरडला. "भिंती हलू देत!"

मी दोन्ही काठ्या डोक्यावर नेऊन एकमेकींवर आडव्या धरल्या. म्हणजे, बंद.

"वेडी झालीस का?"

"नोंग, एकदा माझं ऐका. एकदाच."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. अठ्ठावीस ड्रम थांबले. ड्रम थांबले तशी आमची पोरंही गोंधळून गप्प झाली. पलीकडचे तर आपल्या माणसासाठी आधीच श्वास रोखून होते. आठ हजार माणसांच्या त्या जागेत पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

जेरिएलने टप्पा दिला. थांबला. पुन्हा दिला. त्याचे हात काहीतरी शोधत होते, आणि ते काय, हे फक्त मला ठाऊक होतं. बॉल रिंगच्या कडेवर आपटून बाहेर पडला.

लाल बाजू आनंदाने नाचली. नोंग बेबोतने मला मिठी मारली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याचे ते शोधणारे हात डोळ्यांसमोरून हलेनात, तेही खरं.

मी पुन्हा काठ्या आडव्या धरल्या. पुन्हा शांतता. या वेळी त्याने रिंगकडे पाहिलंच नाही, सरळ वर माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा डावा पाय हळूच जमिनीवर आपटला आणि त्याबरोबर टप्पा पडला. एक. दोन... मी नकळत मोजत होते. तिसरा उशिरा पडला, अगदी माझ्यासारखा. माझी चूक त्याने जशीच्या तशी पाठ केली होती. आता त्याला माझा ड्रम लागत नव्हता, ठेका त्याच्या आतच होता.

बॉल जाळीतून सरळ खाली आला. आमच्या संघाच्या कप्तानाने अर्ध्या मैदानातून फेकलेला शेवटचा बॉल फळीला लागून परतला, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

मी रडले. ढसाढसा नाही, पण रडले.

मग गीतं. आधी हरलेल्यांचं, म्हणजे आमचं. दोन्ही संघ आमच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. चार हजार मुठी वर गेल्या. आणि हिरव्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यावरून, एक मूठ सरळ छताकडे गेली. या वेळी तिने कान शोधला नाही. तो ओठ हलवत आमचं गीत अख्खं म्हणत होता. हिरव्या बाजूला कुजबुज उठली, त्यांच्या कोचच्या कपाळाला आठी पडली. कुणीतरी शिट्टीही मारली. मूठ हलली नाही.

गीत संपलं आणि आमचे लोक नेहमीप्रमाणे पिशव्या उचलून दाराकडे निघाले. जिंकणाऱ्यांचं गीत ऐकायला हरलेल्या बाजूचं कुणी थांबत नाही.

मी थांबले. ड्रम खाली ठेवला. त्यांच्या गीताचे पहिले सूर आले तेव्हा मी उजवा हात छातीवर ठेवला, काठ्यांसकट. लाल शर्टावर, सगळ्यांच्या समोर. मला त्यांचे शब्द येत नव्हते, म्हणून नुसती उभी राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले. तोही माझ्याकडेच बघत होता, आणि आपल्याच कॉलेजच्या गीताचे शब्द चुकत होता.

"वेंग," शेजारून नोंग बेबोतचा आवाज आला. मी हात काढला नाही. शिट्टी गेली तर जाऊ दे, म्हटलं.

त्याने गीत संपेपर्यंत वाट पाहिली. मग गळ्यातली दोरी काढून माझ्या गळ्यात घातली.

"वाजवणारे मी ढिगाने पाहिलेत," तो पुटपुटला. "थांबायचं कधी, हे तुलाच कळलं. सराव मंगळवारी सातला. आणि त्या लंबूला सांग, हिला रडवलंस तर अठ्ठावीस ड्रम घेऊन तुझ्या दाराशी येईन."

खाली मैदानात जेरिएल गर्दीतून वाट काढत आला, गळ्यात फुलांची माळ, अंग घामाने निथळतंय.

"चिडलास?" मी विचारलं.

"भयंकर."

"मग बोल."

"बोलतो." त्याने घसा खाकरला. मघाशी आठ हजार माणसांसमोर न डगमगलेला तो माणूस आता बुटांकडे बघत होता. "पालंगा ता का, वेंग."

जीव आहे तुझ्यावर, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे आई तान्ह्या बाळाला हेच म्हणते आणि म्हातारे नवरे म्हाताऱ्या बायकांना. मधल्या वयातल्यांना ते म्हणायला धीर लागतो.

"मीही," मी म्हणाले. "पण ड्रम तू उचलायचा."

त्याने खरंच उचलला. हिरवा शर्ट, गळ्यात विजयाची माळ, पाठीवर आमचा लाल ड्रम. दाराबाहेर थांबलेल्या आमच्या पोरांनी त्याला पाहिलं आणि एकच गिल्ला केला, "बा-का-वर! बा-का-वर!" तो मागे वळून वाकला, मुजरा केल्यासारखा, आणि पोरं हसत सुटली.

जीपनीत दोन बाकांच्या मध्ये ड्रम ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. त्याच्या बोटीची तारीख, माझा मंगळवारचा सराव, उद्या दोन्ही कॉलेजांत काय काय बोललं जाईल, सगळं बाहेरच्या संध्याकाळीत राहू दिलं. त्याने बोटांनी ड्रमवर हळूच वाजवलं. एक, दोन... आणि माझ्याकडे बघत थांबला.

तिसरा मी वाजवला. उशिरा, आणि या वेळी मुद्दाम.