चारुदत्तनं मांडलेली वाट

बंद करा बे तो मोबाइल! मघापासून ऐकून राहिलो, रविवारी पायी फिरायले कुठं जायचं यावरून जुंपली आहे तुमची. अभिनवले डोंगर पाहिजे, निधीले नदी. फोटो पाहून कोणी वाट निवडते काय? लाईट गेली तर जाऊ द्या, बसा इथं. चारुदत्तचं सांगतो. ऐकीव नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो.

आपल्याच शहरात, ब्राह्मणपाऱ्यात राहायचा. आमच्या मंडळाची हिवाळ्यातली पायी सहल तोच ठरवायचा, आणि आधी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कोणाले नेत नसे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी पोचता यावं. दुपारी सावली पाहिजे, खाली पाणी पाहिजे. 'दरीत उतरते कोणीही,' म्हणे, 'म्हाताऱ्या गुडघ्यांनी वर येता आलं पाहिजे.' भल्ला चिकट माणूस.

आपलं हे नवीन राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मार्गशीर्षातली अमावस्या, शनिवार. गरियाबंदच्या पुढं पैरी नदीले मिळणाऱ्या एका नाल्याची दरी पाहायले तो निघाला. संगं साळा, सौमित्र. हसरा पोट्टा, फाल्गुनात लग्न ठरलेलं. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून बहिणीनंच वाढवलेला. ती सुनीती, चारुदत्तची बायको. निघताना तिनं नवऱ्याले बजावलं, 'काठावर जाऊ देऊ नका हो त्याले. मले दुसरं कोणी नाही माहेरचं.'

जीपवाला भैय्यालाल सडकेवर थांबला, हे दोघं सालाच्या झाडांच्या जंगलात शिरले. वाटेच्या कडेला दगडांची मोठी रास होती. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली. न थांबता तिनं पायाच्या बोटांत दगड धरून वर उचलला, हातात घेतला, राशीवर टाकला.

चारुदत्तनं विचारलं, 'इथं कोणती देवी?'

'देवी नोहय, बाबू. दबा के राखे ला परथे.'

दाबून ठेवावं लागते, म्हणे. काय दाबून, ते नाही सांगितलं. गेली निघून.

आणि इथंच त्याची अक्कल गहाण पडली. वाट फुटते तिथं दगडावर दगड ठेवून खूण करायची, अशी रीत त्याची, म्हणजे रविवारी माणसं चुकत नाहीत. पण पाचोळ्यात एक दगड सापडून नाही राहिला. मंग त्यानं राशीतलेच उचलले. सौमित्र म्हणाला, 'जीजाजी, रहने दो ना.' 'अरे, येताना ठेवून देऊ!' पिशवी भरली, अन् प्रत्येक फाट्यावर खूण मांडत दोघं खाली उतरले.

दरी बाकी सुरेख, बाप्पा. गार पाणी, बसायले सपाट खडक. दोघांनी पोळी-भाजी खाल्ली. चारुदत्त खूश. 'ठरलं,' म्हणे, 'मंडळाले इथंच आणतो.'

परतताना सूर्य टेकडीमागं गेला होता. पहिल्या फाट्यावर खूण नव्हती. पुढच्याही नाही. दगडच नाहीत, म्हणे.

त्याच्या पुढच्या फाट्यावर दगड आला.

समोरून. सौमित्रच्या तोंडावर. ओठ फाटला, दात बाहेर पडले. 'कौन है बे?' चारुदत्त ओरडला. कोणी नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. दुसरा दगड त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला चारुदत्तले...

पोट्टा खाली कोसळला. चारुदत्त त्याच्या अंगावर आडवा झाला. पाठीत, मानेवर, खांद्यावर दगड. फेकलेले नाही. जवळ उभं राहून मारलेले. खांदा मोडला त्याचा. 'मी उचलले! मले मार! पोराले सोड, तुझ्या पाया पडतो!'

काय म्हणते, निधी? 'फिर क्या हुआ?' सांगतो. जरा थांब...

कोणीतरी सौमित्रले केसाले धरून ओढलं. चारुदत्तनं एका हातानं पाय धरून ठेवले. त्याच्या डोळ्यांसमोर पोराचं डोकं वर उचललं जाई, दगडावर आपटलं जाई. धरणारा हात दिसत नव्हता. पुन्हा. पुन्हा...

मंग थांबलं.

छाती हलत नव्हती. चारुदत्त कान लावून पाहे. काहीच नाही. रडून राहिला, सुनीतीले काय सांगू म्हणून.

आणि सौमित्र उठला.

मोडलेल्या गुडघ्यावर. कण्हला नाही. 'जीजाजी' म्हटलं नाही. चालू लागला. मिट्ट काळोख, बॅटरी चारुदत्तपाशी. तरी तो पुढं. एक फाटा चुकला नाही. रास होती तिथं आले... रास नव्हती. माणूस मावेल एवढा खड्डा. माती आतून बाहेर फेकलेली. सौमित्रनं तिकडं पाहिलंही नाही.

जीपमध्ये? मोडलेला गुडघा दुमडून ताठ बसला.

मले फोन आला तसा मी हॉस्पिटलात धावलो. सुनीती बाकावर हात जोडून बसली होती. 'जिवंत आणला हो ह्यांनी,' म्हणून रडून राहिली होती. चारुदत्तनं मले बाजूले घेऊन हे सारं सांगितलं. आत सौमित्रचा रक्तानं चिकटलेला शर्ट कापला, आणि डॉक्टरनं आम्हाले बोलावलं.

पाठीवर घाव होता. खांद्यापासून कमरेपर्यंत. भरलेला, पांढरा पडलेला.

'ये आज का नहीं है,' डॉक्टर म्हणाला. 'बहुत पुराना है, कुल्हाड़ी का. इतना गहरा... इससे बचा कैसे ये?'

सुनीतीनं स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं होतं त्याले, लहानाचा मोठा होईपर्यंत. त्या पाठीवर कधी ओरखडाही नव्हता. ती जवळ गेली. पाठीवर बोट टेकवलं. तो हलला नाही. तिनं हात झटकन मागं घेतला, माझ्याकडं वळली...

'भाऊजी,' म्हणे, 'माझा सौमित्र कुठं आहे?'