म्हशीच्या दारावरची खूण

दारावर खडू ओढला की लेकराच्या तोंडात थेंब पडतात, हे तुम्हाला कुणी शिकवलं? होय, तुम्हालाच विचारतोय, खुर्चीत बसून खुणा मोजणाऱ्यांना. तुम्ही दारं मोजलीत, लेकरं मोजली नाहीत. आणि हे उघडं कुणी पाडलं? नांदेडहून जावळाच्या कार्यक्रमाला आलेल्या दोन शाळकरी पोरांनी. ऐका आता.

मुरुडजवळच्या एका वाडीवर अमृतरावांचं घर आहे. फाल्गुन नुकताच लागला होता. बांधावरचा पळस पेटल्यासारखा लाल, खळ्यावर हरभऱ्याचा ढीग आणि घरात माणसांचा ढीग. अमृतरावांच्या नातवाचं, हरिओमचं, रविवारी जावळ होतं. शनिवारीच सगळे जमले. हरिओमची बहीण पुनम आठवीत. तिच्यासोबत नांदेडचा शेजारी नबील आला होता, सातवीतला. त्याची अम्मी साबेरा आली म्हणून तोही आला, असं तो सांगायचा. खरं तर तो जेवणावळीसाठी आला होता आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं.

शनिवारी दुपारी आई पुनमला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या पोलिओचा रविवार आहे. वाडीवर बूथ नसतो, घरोघरीच येतात. मी चुलीपुढून हलणार नाही. डोसवाला घरी आला की हरिओमला तूच न्यायचं. दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही."

एवढं बोलून आईनं ओट्यावर बसलेल्या आजोबांकडं पाहिलं. अमृतराव आजोबांचा डावा पाय काडीसारखा होता. लहानपणी एकदा ताप आला आणि तो पाय तिथंच थांबला, बाकीचे आजोबा वाढले. पुनमनं शब्द दिला.

संध्याकाळी साबेराखालांनी मेंदी भिजवली. पोरींच्या बोटांना मेंदीच्या टोप्या चढल्या. मग पोरंही रांगेत बसली. चुलत बहीण महामाया, वय वर्षं सहा, तिला वाटलं लहानग्यांवर अन्याय होतोय. तिनं घरातल्या झाडून सगळ्या तान्ह्यांची डाव्या हाताची करंगळी मेंदीत बुचकळली. हरिओमचीसुद्धा.

रविवारी सकाळी कोण कुणाचं कोण, काही कळेना. मामाच्या मांडीवर हरिओम, हरिओमच्या डोक्याशी न्हावी, न्हाव्याच्या पाठीशी वाजंत्री. कुणी टॉवेल मागत होतं, कुणी टॉवेलावरच बसलं होतं. पुनमला कुणी विहिरीवर पिटाळलं, कुणी पत्रावळ्या मोजायला बसवलं. उन्हं चढल्यावर ती अंगणाच्या दाराशी आली आणि जागच्या जागी थिजली.

दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख लिहिली होती. आजची. शेजारी बाण आणि लेकरांचा आकडा: चार. म्हणजे डोसवाला येऊन गेला. या घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला.

पण हरिओमला नेलं कुणी?

तिनं आईला विचारलं. आईला वाटलं, पुनमनंच नेलं. आजीला, म्हणजे केवळाबाईंना वाटलं, साबेरानं नेलं असेल. साबेराखालांना वाटलं, मामांनी. मामा म्हणाले की त्यांच्या मांडीवर तर फक्त केस पडले. महामायाला विचारलं तर ती म्हणाली, तिनं स्वतः डोस घेतला आणि तो गोड होता. नंतर कळलं की ती बर्फीबद्दल बोलत होती.

"बोट बघ ना," नबील म्हणाला. "डोस दिला की डाव्या करंगळीला काळी शाई लावतात."

हरिओमची करंगळी पाहिली. मेंदी चढून काळीलाल झालेली. बाकीच्या लेकरांच्याही करंगळ्या तशाच.

"घ्या," नबील म्हणाला. "महामायानं अख्ख्या घराला डोस देऊन टाकला."

पुनमला हसू आलं नाही. आजोबा म्हणाले की खूण हाय म्हणजे डोस झालाच असंल, उगी कार्यात गोंधळ नको. घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सगळ्यांनाच खात्री होती. असला गोंधळ पुनमनं परीक्षेतही पाहिला नव्हता.

ती भिंतीला टेकून बसली, तेवढ्यात नबील पळत आला. त्याला म्हशीला पत्रावळी टाकायला पाठवलं होतं. तो तिला रस्त्याकडेच्या गोठ्यापाशी घेऊन गेला. गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर आजची तारीख होती. बाण होता. आकडा होता: दोन.

पुनमनं दार ढकललं. आत म्हैस रवंथ करत होती आणि तिच्या पोटाशी रेडकू उभं होतं.

"रेडकू पाच वर्षांखालचं आहे, हे मान्य," नबील म्हणाला. "पण म्हशीचं वय कुणी विचारलं?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. डोसवाला घरात आलाच नव्हता. रस्त्यावरून जाता जाता त्यानं दिसेल त्या दारावर खडू ओढला होता.

दोघं घराकडं पळाले. अंगणात पंगत बसली होती आणि पहिल्याच पाटावर डोसवाला रामकिशन भात कालवून राहिला होता. त्याच्या शेजारी जीपमधून आलेले तपासणीचे साहेब. लसीचा निळा डबा सावलीत. चौकटीवरची खूण पाहून साहेब खूश झाले होते आणि आजोबांनी दोघांनाही आग्रहानं जेवायला बसवलं होतं.

पुनम पुढं झाली, तर आजोबांनी डोळ्यांनीच अडवलं. पानावर बसलेल्या माणसाला जाब विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. वैरी असला तरी आधी त्याचं जेवण उरकू द्यायचं.

"मग उरकू दे," नबील पुटपुटला. "हात तर धुतील ना?"

पुनमला लगेच कळलं. दोघांनी हात धुवायची घागर अंगणातून उचलली आणि थेट गोठ्याच्या दारासमोर नेऊन ठेवली. त्याआधी पुनमनं साहेबांच्या पानात दुसऱ्यांदा बर्फी वाढली, म्हणजे घागर पोचेपर्यंत ते उठू नयेत.

जेवून दोघं हात धुवायला आले. नबीलनं तांब्यानं पाणी ओतलं. पुनमनं दाराकडं बोट केलं आणि अगदी नरम आवाजात विचारलं, "रामकिशनकाका, या घरातल्या दोन्ही लेकरांनी नीट घेतला का डोस?"

"हाव, दोघांनी पण. रडली सुदीक न्हाईत."

"कुठं, ओट्यावर का आत?"

"आत जाऊन दिला की. मायनं मांडीवर धरलं होतं."

साहेब कौतुकानं मान डोलावत होते. नबीलनं कडी काढली. दार उघडलं. म्हशीनं मान वळवून साहेबांकडं पाहिलं आणि रेडकानं शेपटी हलवली.

मागोमाग हात धुवायला आलेली माणसं हसायला लागली. साहेबांचा चेहरा काळवंडला. ते रामकिशनवर खेकसले, तसा तोही उसळला.

"साहेब, दुपारपर्यंत सगळ्या दारावर खुणा दिसल्या पायजेत, असं तुमीच म्हणलात. जोडीला दुसरा माणूस द्या म्हणलो, दिला न्हाई. एकट्यानं किती दारं करू?"

गर्दी बाजूला सारत अमृतराव आजोबा पाय ओढत पुढं आले. त्यांनी दारावरची खूण पाहिली, रामकिशनकडं पाहिलं आणि निळ्या डब्याकडं बोट केलं. "आधी तो डबा उघडा. भांडण नंतर."

डब्यातला बर्फ अजून घट्ट होता. सगळ्यात आधी पुनमनं हरिओमला मांडीवर घेतलं. दोन थेंब पडले. चकोट डोक्याचा हरिओम ओठ चाटून आणखी मागायला लागला. करंगळीवर शाई दिसेना, म्हणून ती अंगठ्याला लावली. मग घरातली बाकीची लेकरं, मग शेजारची, मग अख्खी वाडी. रामकिशन आता प्रत्येक घरात शिरून, आधी लेकरू आणि मग दार, असं करून राहिला होता. महामाया ओल्या फडक्यानं खोट्या खुणा पुसत पुढं चालली होती.

आईनं पुनमला जवळ घेतलं, पण ती रागावलेली की रडवेली, ते पुनमला कळलं नाही. आजोबांनी पुनम आणि नबील, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी खुणेवर इश्वास ठेवला," ते म्हणाले. "या पायाच्या माणसानं ठेवायला नको होता. तुमी शानी निघालात, पोरांनो."

साहेब जीपकडं निघाले. महामाया गोठ्याचं दार पुसत होती. ती थांबली. आजची खूण निघाली होती, पण तिच्याखाली आणखी एक खूण होती, पुसट. तारीख मागच्या वर्षीची. आकडा तोच: दोन.

पुनम जीपपाशी जाऊन उभी राहिली. "साहेब, मागच्या वर्षीपण तिथं म्हैसच होती."

साहेबांनी काच वर केली. जीप गेली.

म्हणून आता तुम्हाला विचारतोय. काच तुमच्याकडं आहे, प्रश्न आमच्याकडं आहे. मागच्या वर्षी खुणा सगळ्या दारांवर होत्या. मग थेंब कुणाच्या तोंडात पडले? पुनम अजून थांबली आहे. सांगा.