चाकूरचा मांडव

मोजणीदाराला पहिला संशय शेजाऱ्याचा येतो. बांध कोरणारा तोच, खुंटी सरकवणारा तोच आणि वर शपथ घ्यायला पुढे येणाराही तोच. नव्या लातूर जिल्ह्याच्या मोजणी ऑफिसात माझी बदली झाली, तेव्हा गावाबाहेरच्या वसाहतीत मी पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. शेजार बसम्माचा. एकटी बाई, जिभेला हाड नाही. हातपंपाकडे जाताना ती आमच्याच अंगणातून जायची.

त्या वर्षी दुष्काळ असा, की दहा वेळा दांडा हाणल्यावर हातपंप एकदा थुंकायचा. माझी बायको महानंदा, तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती, त्यामुळे माझ्या जिवाला घोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारी हिला पत्र्याखाली ठेवू नका." अंगणात मांडव घालायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

चाकूरला अमृतराव नावाच्या शेतकऱ्याकडे एक मांडव मोडून ठेवलाय, असं ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं. जमिनीत पुरायच्या पाच मेढी, वासे, वर टाकायला तुराट्या, सगळं एका टेंपोत मावलं. अमृतरावाने घासाघीसही केली नाही. एका मेढीला आंब्याची वाळकी पानं बांधलेली होती, ती मी तोडून टाकली. बारा फूट बाय दहा फूट, चारी कोपरे गुण्यात, नेमक्या काटकोनात, असा मांडव उभा राहिला. खाली चाळलेली माती पसरली आणि खाट टाकली.

बसम्मा कुंपणापाशीच थांबली. "मांडव परतवलेला हाय का?"

"म्हणजे?"

"लग्नाचा हाय न्हवं? लगीन लागलं की मेढीला पाणी घालून, पावण्यांना जेवू घालून मांडव परतवतेत. मगच लाकूड मोकळं होतंय. इचारलं न्हाई तुमी?"

नव्हतं विचारलं. रीत मला ठाऊक होती, घरात दहा लग्नं पाहिलेला माणूस मी. पण घेताना लाकूड सरळ आहे का, एवढंच बघितलं. मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून बसम्मा लांबचा वळसा घालून पाण्याला जाऊ लागली. वाट अडली म्हणून फुगली असेल, असं मी धरून चाललो.

महानंदा मात्र सुधारली. पायांची सूज उतरली, गालावर रंग आला. दुपारभर ती मांडवाखालून हलायची नाही. मला इतकं हायसं वाटलं, की मी सिद्धेश्वराला जाऊन नारळ फोडून आलो.

मग एका संध्याकाळी मातीत पाच खळगे दिसले. मांडी घालून माणूस बसला की उमटतात तसे, एका ओळीत.

"कोण आलं होतं?"

"कोणी न्हाई की," महानंदा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी समोरासमोर दोन ओळी, बारा खळगे. मी फीत लावली. दोन खळग्यांतलं अंतर सगळीकडे सारखं, पंगतीत सोडतात तेवढं. फाटकातून आत येणारी पावलं होती. बाहेर जाणारी नव्हती.

महानंदाच्या खांद्यावर हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा सापडला, तेव्हा माझं डोकं सणकलं. हे बसम्माचंच काम. भीती घालायची, मांडव काढायला लावायचा, की वाट मोकळी. तिच्या दारात जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. बसम्माने सगळं ऐकून घेतलं, आणि तेच मला विचित्र वाटलं.

"भाऊ, तिला माहेरी धाडा," एवढंच ती म्हणाली.

मी फाटकाला कुलूप घातलं आणि रजा टाकून खिडकीत बसलो. बारा वाजले. तुराटीची काडीही हलत नव्हती. महानंदा खाटेवरून उतरून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसली. तिच्या समोरची माती हलकेच दबली. मग तिच्या शेजारची. मग त्याच्या पलीकडची. ओळ भरत गेली.

मी धावत बाहेर गेलो. माणूस नव्हतं. तिचा हात धरून ओढला, तर पोट धरून ती कळवळली. सोडला की शांत. पुन्हा धरायची माझी छाती झाली नाही.

"लई घाई तुमची," ती म्हणाली. "अजून नवरदेव यायचाय."

बसम्माचे पाय धरले, तिला कुंपणापाशी बसवलं आणि मिळेल त्या एसटीने चाकूर गाठलं.

"लगीन झालंच न्हाई," अमृतराव म्हणाला. "माझ्या पुतणीचं व्हतं. वऱ्हाड त्यांच्या गावातनं निघालं. इथवर पोचलंच न्हाई. लई हुडकलं."

"मग मांडव परतवला नाहीत?"

"लगीनच न्हाई, तर परतवायचं काय?"

"आणि मुलगी?"

"ती मांडवातनं उठायलाच तयार न्हवती. ओढलं की पोट धरून वरडायची. म्हणून तर मोडला."

"आता कुठं आहे?"

"लाकडं तुमच्या टेंपोत भरली, त्या दिवसापास्नं घरात न्हाई."

परतलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फाटकाचं कुलूप तसंच होतं. बसम्मा अंगणाकडे पाठ करून उभी होती.

"आत जाऊ नका," ती म्हणाली. "भरलंय."

मी कुलूप काढलं.

मातीवर पाय ठेवायला जागा नव्हती. खळग्याला खळगा लागलेला. हळदीचा वास.

महानंदा मधोमध बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेलाही ती वळली नाही.

मी खांद्याला हात लावला.

ती दचकून वळली. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. पोट सपाट होतं, लग्नाआधीच्या पोरीचं असतं तसं.

परका पुरुष बघून तिने घाईने पदर डोक्यावर घेतला आणि थोडी बाजूला सरकली.

"बसा पावणे," ती म्हणाली. "तुमी नवरीकडले का नवरदेवाकडले?"