तळ्याकाठचा लाल ठिपका

हवेचा नकाशा चालवणाऱ्या बाई आल्या तेव्हा वहिनी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होत्या. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. खाली स्टूल धरून भावजी उभे होते. ते नात्याने दीर, म्हणून त्यांना वहिनी म्हणत. त्यांचं ऐकून सगळं शहरच आपल्या या खासगी गुप्तहेराला वहिनी म्हणू लागलं होतं.

बाई रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यानंतर त्यांनी हवा मोजणाऱ्या छोट्या पेट्या स्वतः जुळवल्या, लोकांच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत बांधल्या आणि मोबाईलवर कुणालाही फुकट पाहता येईल असा नकाशा केला. हवा चांगली तर ठिपका हिरवा, वाईट तर लाल. आकडा सतत बदलत राहायचा. दम्याची माणसं तो बघूनच घराबाहेर पडत.

"मी विकली गेले असं लोक म्हणतात," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पर्सचा पट्टा त्यांनी पार पिळून टाकला होता.

फाउंड्रीच्या गल्लीतला ठिपका पहिल्यापासून लाल. गेल्या महिन्यात तो अचानक हिरवा झाला. धूर मात्र होता तस्साच. फाउंड्रीने त्या हिरव्या ठिपक्याचा भला मोठा फलक फाटकावर लावला, आणि बाईंचे हात ओले झाले असं गल्ली बोलू लागली. सोमवारी नगरपालिकेत बैठक होती. नकाशा भरवशाचा नाही असं ठरलं, तर तो बंद होणार होता.

पेटी बाईंनी जाऊन पाहिली होती. सील शाबूत होतं, यंत्रही चालू होतं.

"पेटी कुठे आहे हे नकाशाला कसं कळतं?" वहिनींनी विचारलं.

"कळत नाही. पेटी फक्त आपला क्रमांक आणि आकडा पाठवते. कुठला क्रमांक कुठे बांधलाय, ते मी एकदाच भरून ठेवलंय. क्रमांक सीलच्या आत असतो."

भावजींना राहवलं नाही. नकाशा चांगलाच आहे, ते म्हणाले. तळ्याकाठचा ठिपका हल्ली लाल असतो, म्हणून तर आपण फिरायला जाणं सोडलं. गुरुवारी तेवढा हिरवा दिसतो, तेव्हा जाऊन येतो.

तो लाल ठिपका बाईंनाही ठाऊक होता. कुणीतरी पाला जाळत असेल, असं त्यांना वाटे. त्यावरून मोठा गहजब झाला होता, कारण तळ्यावर शहरातली बडी मंडळी फिरायला येत. त्यांनी आठ दिवसांत तिथली वाहनं बंद करवली आणि हवा तपासणारी सरकारी गाडीही मागवली; ती येत्या आठवड्यात यायची होती.

वहिनी स्टुलावरून खाली उतरल्या.

फाउंड्रीच्या मॅनेजरने त्यांना मानाने बसवलं. हिरव्या ठिपक्याचा आनंद त्याने लपवला नाही. "पण मला लबाडी करायची असती तर पेटी फोडली नसती का?" तो म्हणाला. "इतकी वर्षं बदनामी कशाला सोसली असती?" आणखी काही विचारायचं असेल तर खुशाल या, फक्त गुरुवारी नको, त्या दिवशी भट्टी बंद असते, असंही त्याने सांगितलं.

समोरच शिवणवाल्या काकूंचं दुकान. पेटी त्यांच्याच वरच्या गॅलरीत. काकू ऐसपैस बांध्याच्या, बोलक्या. हाताखाली दोन बायका. फाउंड्रीचे हातमोजे आणि शहरातल्या सगळ्या रखवालदारांचे गणवेश तिथेच शिवले जात. नवरा समोरच्याच भट्टीवर कामाला. आतल्या खोलीत त्यांचे सासरे खोकत होते. तो खोकला थांबेपर्यंत काकूंची सुई थांबे.

गॅलरीत कुणी परका आला नव्हता, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. भावजी वर गेले आणि कठड्याची काजळी तळव्यांना माखून खाली आले. पेटी जुनीच आहे, पाठीवर शेवाळ धरलंय, एवढंच त्यांना दिसलं. वहिनींनी पेटी बांधलेला जाड निळा दोरा पाहिला; हातमोजे शिवायचा तोच.

तळ्यावरचा रखवालदार कोऱ्या करकरीत गणवेशात होता. त्याच्या चौकीमागच्या पेटीला कुणी हात लावला नाही, असं तो म्हणाला. मध्यंतरी गणवेश द्यायला शिवणवाल्या आल्या होत्या, तेवढ्याच. भावजींनी पेटी रुमालाने पुसली आणि काळा झालेला रुमाल वहिनींना दाखवला.

"बघा, तळ्याची हवा किती नासलीय!"

तळ्याला अख्खी फेरी मारूनही त्यांना धाप लागलेली नव्हती. पेटी जाड निळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. वहिनींनी बाईंना आणि भावजींना तिथेच नेलं.

"खोटा आकडा एकही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त पत्ते चुकलेत. या दोन पेट्यांची अदलाबदल झालीय."

भावजींनी खिशातला काळा रुमाल बाहेर काढला.

"भावजी, तळ्याची हवा नेमकी गुरुवारीच का सुधारते? कारण त्या दिवशी फाउंड्रीची भट्टी बंद असते. या काजळीच्या गल्लीत शेवाळ कुठून येणार? ते तळ्याकाठचं. आणि तुमच्या रुमालाला लागली ती या गल्लीची काजळी. मॅनेजरने पेटी पळवली असती, फोडली असती; दुसरी जपून आणून बांधली नसती. दोन्ही पेट्या हातमोज्याच्या दोऱ्याने बांधल्यात, आणि दोन्हीकडे जाणं-येणं एकाच माणसाचं आहे."

काकूंनी नाकारलं नाही. त्या हळूच खुर्चीत बसल्या.

"आमचा ठिपका इतकी वर्षं लाल होता, कुणी फिरकलं नाही. तक्रार केली असती तर यांची नोकरी गेली असती. मग म्हटलं, हीच हवा बड्या लोकांच्या ठिपक्यावर दाखवावी. आठ दिवसांत सरकारी गाडी मागवली गेली." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "इकडचा हिरवा झाल्यावर लोक तुम्हाला बोलतील, हे डोक्यात आलं नाही. बोलायला लागले, तेव्हा मला भीती वाटली."

 बाई रागावल्या होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. लोक त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवून श्वास घेतात, असं त्या म्हणाल्या. इथल्या किती जणांनी हिरवा बघून खिडक्या उघडल्या असतील? आत सासऱ्यांना उबळ आली. काकू उठायच्या आत बाईच पाणी घेऊन आत गेल्या.

सोमवारच्या बैठकीत बाईंनी दोन पेट्यांचे पत्ते चुकल्याचं स्वतःहून सांगितलं, माफी मागितली आणि सगळे आकडे योग्य जागी लावून भिंतीवर दाखवले. कुणी केलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "पेट्या सांभाळणारी माणसं माझी आहेत. जबाबदारी माझी."

सरकारी गाडी मागवलेलीच होती. ती आता परत कशी पाठवणार? ती फाउंड्रीच्या गल्लीत येऊन उभी राहिली. तिच्या यंत्रातला आकडा आणि बाईंच्या पेटीतला आकडा जवळजवळ सारखेच निघाले. अधिकाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भट्टीच्या धुराड्याला गाळणी बसवण्याचा हुकूम मॅनेजरच्या हातात पडला, आणि फलक संध्याकाळपर्यंत उतरला.

"वहिनी, गुन्हेगार म्हणायचं तरी कुणाला?" भावजींनी विचारलं.  वहिनी दुकानाच्या पायरीकडे बघत होत्या.

तिथे बाई काकूंशेजारी बसल्या होत्या. मांडीवर एक नवी पेटी होती.

"ही कुठे बांधायची, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "यापुढे मात्र मला सांगून."

काकूंना विचार करावा लागला नाही.

"शाळेच्या फाटकावर," त्या म्हणाल्या. "पोरांच्या नाकाच्या उंचीला."