पणजी हिरवी का झाली?

प्रिंटरच्या दुकानातल्या दिव्याखाली छान काळी-पांढरी दिसणारी फोटोतली पणजी दारातल्या उन्हात नेली नि हिरवट झाली. शलाका किंचाळलीच.

"ओरडतेस काय? माझी आई आहे ती, काकडी नव्हे," तानूआजी फणकारली.

शलाका उद्या आईबाबांबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत राहायला जाणार होती. सामानात एकच प्रिंटर न्यायची परवानगी होती. तिथल्या घरात पणजीचा फोटो लावायचा होता, आणि चुकीचा प्रिंटर नेला तर चंद्रावर कोण बदलून देणार?

"माझ्या दिव्याखाली तर फोटो अचूक होता!" दुकानातला यंत्रमानव टिंबू गोंधळून म्हणाला.

"दिवा तुझा, तो तुझ्याच बाजूनं बोलणार. आम्ही लुगडंसुद्धा दारात नेऊन पारखतो, बाबा!"

टिंबूनं फोटो भिंगाखाली धरला. "समजलं. हा प्रिंटर राखाडी छटा (काळ्या-पांढऱ्यामधल्या पायऱ्या) निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळून करतो. प्रत्येक शाई उजेडाचा वेगळा भाग परत फेकते. उजेड बदलला की त्यांचा तोल ढळतो आणि एखादा रंग वर डोकावतो."

"मग नुसत्या काळ्या शाईनं छाप ना!" शलाका म्हणाली.

टिंबूनं छापलं. पणजीच्या गालभर काळे ठिपके!

"देवी आल्यागत केलंस की रे तिला!"

"शाई एकच, आजी. फिकट जागी ठिपके विरळ टाकावे लागतात, ते डोळ्याला दिसतात."

"मग एकच कशाला? रांगोळीत राखाडी हवा तर मी हळद, कुंकू, नीळ कालवत बसत नाही. कोळशाची पूड घेते, पांढरी कमीजास्त घालते. गडद, मधली, फिकट, अशा तीन वाट्या आधीच भरून ठेवते."

टिंबूचे डोळे लखलखले. त्यानं मागच्या फळीवरून दुसरा प्रिंटर काढला. त्यात काळीबरोबर गडद राखाडी आणि फिकट राखाडी शाईही होती. फिकट जागी फिकट शाईचेच दाट ठिपके पडले, रंगीत शाईची गरजच फारशी उरली नाही.

तानूआजी फोटो घेऊन उन्हात गेली. पणजीच्या गालावरची खळीसुद्धा मऊ उतरली होती. आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती खळी न्याहाळली. मग म्हणाली, "बांध हाच."

पंधरा दिवसांनी चंद्रावरून शलाकाचा चेहरा पडद्यावर आला.

"आजी, फोटो खिडकीत नेला. पृथ्वीच्या उजेडात पारखला!"

"मग? झाली हिरवी?"

"छे! तश्शीच हसतेय."

"हसणारच. तिची लेक पारखी आहे ना!" आजीनं पेटीतून पुढचा फोटो काढला. "आता आजोबा पाठवते. मिशी नीट काळीभोर छाप, नाहीतर रुसतील."