डावीकडे कोण बसतं?

त्या दिवशी मला फक्त रेडिओचा कोड हवा होता. बॅटरी बदलली की त्या गाडीचा रेडिओ कुलूपबंद होतो आणि चार आकडे मागत बसतो. ते आकडे आधीच्या मालकाकडे असतात. म्हणून मी आधीच्या मालकीणबाईंना फोन लावला. सकाळचे साडेअकरा झाले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असल्या गोष्टी अंधारात घडतात असा तुमचा समज असेल. माझाही होता.

पण सुरुवात गाडीपासून करायला हवी.

मी कान तपासतो. कोणाला किती कमी ऐकू येतं ते मोजायचं, यंत्र बसवून द्यायचं, हा माझा धंदा. बावीस वर्षं इमानदारीने चौकोनी, पांढऱ्या, चार दारांच्या गाड्या चालवल्या. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ही गाडी दिसली. गडद निळी, दोन दारांची, बुटकी. आत शिरताना आधी डोकं घालायचं, मग बाकीचा देह गोळा करायचा. तीन हात फिरलेली होती, पण इंजिन सुरू झालं की पोटात गुदगुल्या व्हायच्या. बायकोने एक फेरी मारली, उतरताना माझा हात धरला आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की आडवं पाडलेलं कपाट?"

पहिल्या आठवड्यापासून गाडीने मला छळायला सुरुवात केली. दहा-अकरा मिनिटं झकास पळायची, मग पिवळा दिवा लागायचा, जोर जायचा, तीन आचके द्यायची आणि रस्त्याच्या मधोमध बसून राहायची. मी इंधनाचा पंप बदलला, कॉइल बदलल्या, हा सेन्सर, तो सेन्सर. आमच्या मेकॅनिकला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो इंजिनाला खरोखरचा स्टेथोस्कोप लावून ऐकतो. त्याने तिला चार वेळा उघडली आणि चार वेळा मिटली.

"साहेब," तो हात पुसत म्हणाला, "कॉम्प्युटर म्हणतो निरोगी. मी म्हणतो निरोगी. ही एकटीच म्हणते मी आजारी."

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ज्या काळात दुसऱ्या गावाशी बोलायला ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघावी लागे, त्या काळात शेकडो माणसांचे आवाज त्यांच्या कानातून गेले. आणि म्हातारपणी नेमके कानच गेले. त्यांची तपासणी मी स्वतः केली होती. शेजारी फटाका फुटला तर मान वळवतील, इतपतच. मी बसवलेलं यंत्र घालूनही त्यांना शब्द कळत नसत, नुसता गोंगाट येई. दिवसभर खुर्चीत गप्प बसून असत. माणसांत बसून माणसांतून उठल्यासारखे. बावीस वर्षं लोकांचे कान दुरुस्त करतोय आणि घरात हे! काय वाटत असेल मला, विचार करा.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ठरलेला टॅक्सीवाला होता. एका मंगळवारी तो आलाच नाही. नाइलाजाने मी अण्णांना निळ्या गाडीत कोंबलं, डाव्या सीटवर. मनात म्हटलं, दहा मिनिटांत हिचा दिवा लागणार आणि मी भर चौकात बापाला घेऊन उभा राहणार.

दिवा लागला नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. हॉस्पिटल, परत घर, काही नाही. गुरुवारी तेच. शनिवारी तेच.

अण्णांना सोडून मी एकटा निघालो, की मात्र फाटकाशीच आचके.

मेकॅनिक डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "डाव्या सीटखाली एखादी वायर सैल असणार. वजन पडलं की जोडली जाते." त्याने सीट काढली, खालचं कार्पेट उचललं. वायर धडधाकट. मग त्याने सीट परत बसवून तिच्यावर सिमेंटचं पोतं ठेवलं, बरोब्बर पन्नास किलोचं, अण्णांच्या वजनाचं. गाडी सुरूसुद्धा झाली नाही. आम्ही दोघं हसलो. डॉक्टर आधी थांबला.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की अण्णा गाडीत बसले की कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. आणि मग पुटपुटतात.

"हं, बोला... हो... थोडं थांबा, लाईन मोकळी झाली की देतो..."

मी ओरडून विचारलं, "अण्णा, कोणाशी बोलताय?"

"ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला."

मी गाडी बाजूला घेतली. आमच्या तपासणीत, पेशंटने ओठ वाचू नयेत म्हणून आम्ही तोंड झाकतो. मी तोंडापुढे हात धरला, मान उजवीकडे वळवली आणि अगदी हळू विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार," अण्णा म्हणाले. "आणि तोंड झाकू नकोस. मी काय तुझा पेशंट आहे?"

घराच्या फाटकापाशी उतरले आणि पुन्हा दगड. मी हाक मारली तर वळलेही नाहीत.

मला भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. मला रडू आलं. काही बहिऱ्यांना इंजिनाच्या घरघरीत बरं ऐकू येतं, आमच्या शास्त्रात त्याला नावही आहे. मी ते नाव घट्ट धरून बसलो. त्यानंतरच्या फेऱ्यांत अण्णा माझ्याशी जितकं बोलले, तितकं दहा वर्षांत बोलले नव्हते. आईचं आणि त्यांचं लग्न कसं ठरलं ते सांगितलं. माझ्या बायकोला ते गेंगाण्या आवाजाची म्हणतात हेही तेव्हाच कळलं. मी हळूहळू लांबच्या रस्त्याने जायला लागलो.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. गाडी चालू असताना आत एक शांतता असायची. आमच्या तपासणीच्या बंद खोलीत असते ना, जिथे स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो, तशी. बाहेर हॉर्न वाजताना दिसायचे, ऐकू मात्र येत नसत. आणि तापलेल्या वायरीसारखा मंद वास.

एकदा मी विचारलं, "अण्णा, मधेमधे कोणाशी बोलता हो?"

"बाई आहे एक. पलीकडून."

"कुठून पलीकडून?"

"ते सांगत नाही. नावही सांगत नाही. एकच विचारते सारखं... किती वेळ लागेल?" त्यांनी खांदे उडवले. "सगळेच विचारायचे. मी सांगतो, थांबा."

तर असे सहा आठवडे गेले. मग बॅटरी बसली, नवी घातली, रेडिओ कुलूपबंद झाला आणि मी बाकावरून फोन लावला. मालकीणबाई कॉलेजात शिकवतात. अगदी मोजकं, स्वच्छ बोलणं. त्यांनी वही शोधून चार आकडे दिले. मी आभार मानले. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्रास देते का हो फार?"

"सुरुवातीला फार दिला. आता मात्र एकदम छान चालतेय."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"डावीकडे... कोण बसतं?"

"वडील. का?"

"किती दिवस झाले?"

"सहा आठवडे झाले. का हो बाई?"

त्यांचा श्वास ऐकू आला. मग त्या सांगायला लागल्या, इतक्या हळू की मी दुसरा कान बोटाने बंद केला. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार होता. पोटच्या मुलीला ओळखत नव्हती. त्या सीटवर बसली की मात्र सगळं आठवायचं, मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा. गाडी तोवर रोज बंद पडायची. आई बसायला लागली आणि सुतासारखी सरळ झाली.

"मी तिला रोज फिरवायला लागले. कोण नाही फिरवणार? सातव्या आठवड्यात आम्ही सिग्नलला उभ्या होतो. आई हसत होती. गाडीने तीन आचके दिले आणि बंद पडली. मी वैतागून म्हटलं, झालं पुन्हा सुरू. आणि वळून पाहिलं तर..."

मी डायलिसिस विभागाच्या दाराकडे पाहिलं.

"माझ्याआधी गाडी एका औषधवाल्यांकडे होती. त्यांचे थोरले भाऊ. लकव्याने वाचा गेलेली. गाडीत गायचे म्हणे. हे त्यांनी मला आई गेल्यावर सांगितलं. आधी सांगितलं नाही. मीही तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्याबरोबर मिसेस होत्या, तरुण होत्या, धडधाकट... मला वाटलं, ह्यांच्या घरात कोणी आजारी नसेल. विचारायला हवं होतं मी. मुद्दाम विचारलं नाही." त्यांचा आवाज फुटला. "आई बोलायची हो कोणाशी तरी. म्हणायची, ही बाई सारखी विचारते, किती वेळ लागेल..."

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मी उठलो. टॅक्सी बोलवायची, अण्णांना तिच्यात घालायचं, गाडी इथेच सोडायची, एवढंच डोक्यात होतं. आत गेलो तर त्यांचा पलंग रिकामा. नर्स चादर बदलत होती.

"काका गेले की खाली. आज लवकर सोडलं. मी म्हटलं, मुलगा बाहेर आहे, थांबा, तर मागच्या दाराने निघालेसुद्धा. फार घाईत होते." ती हसली. "म्हणाले, ट्रंक कॉल लागलाय."

गाडीची किल्ली मी नेहमी त्यांच्या पिशवीत ठेवायचो.

जिने कसे उतरलो ते आठवत नाही. पार्किंगमध्ये ऊन नुसतं तळपत होतं. दोन वॉचमन सावलीत बसून गप्पा मारत होते. निळी गाडी तिसऱ्या रांगेत होती आणि तिचं इंजिन चालू होतं. अण्णा डावीकडे बसले होते. तोंड ड्रायव्हरच्या सीटकडे, चेहऱ्यावर तरुणपणीच्या फोटोत आहे ते हसू, आणि उजवा हात कानाशी. त्यांचे ओठ हलत होते. मी पळत असतानाच गाडीने पहिला आचका दिला.

दुसरा.

मी दार उघडलं, त्यांच्या काखेत हात घातले आणि माणूस नव्हे, जणू गादी ओढावी तसं त्यांना बाहेर ओढलं. दोघंही डांबरावर पडलो. माझं कोपर सोललं. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, हात बर्फ. वॉचमन धावत आले, कोणी स्ट्रेचर आणायला पळालं. मी त्यांच्या छातीला कान लावला. बावीस वर्षांत इतकं जीव तोडून मी काही ऐकलं नव्हतं. ठोका होता. हळू, पण होता.

तिसरा आचका आला नाही. मी आत वाकून किल्ली फिरवली, उपसून काढली. इंजिन तरीही चालू राहिलं. हातात किल्ली घेऊन मी बघत होतो आणि ते शांतपणे, एका लयीत चालू होतं, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं. मग आपोआप थांबलं.

अण्णा शुद्धीवर आले तेव्हा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, डायलिसिसनंतर रक्तदाब एकदम खाली जातो, त्यात ऊन. पटण्यासारखं होतं. अण्णांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"लाईन तोडलीस," ते म्हणाले. "जोडतच होतो रे... तोडलीस."

मी काय सांगणार होतो? सांगितलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं.

गाडी मी विकली नाही. एक जण बघायला आला होता, सोबत काठी टेकत आलेली आई. मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मग भंगारवाल्यांना बोलावलं आणि अट घातली, की माझ्यासमोर दाबायची. ट्रकवर ती चढवली तेव्हा बायको म्हणाली, "सुटलात एकदाचे." वर गॅलरीत अण्णा उभे होते, कठडा दोन्ही हातांनी धरून. मी वर गेलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ट्रक वळला तसे त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने,

"कुठे नेतायत आपल्याला?"

मी भंगारखान्यात उभा राहून पाहिलं. छत दबलं, काचा गेल्या, ट्रंकेएवढा निळा ठोकळा उरला. त्याचा दाखला माझ्या कपाटात आहे. हवा तर दाखवतो.

याला आता आठ महिने झाले. अण्णा आहेत. टॅक्सीने जातात, टॅक्सीने येतात. बोलत नाहीत, त्रास देत नाहीत, खुर्चीत बसून असतात. पण गेल्या महिन्यापासून बायको त्यांचे कपडे धुवायला टाकताना थांबते. काल तिने सदरा माझ्यासमोर धरला. सकाळी इस्त्रीचा घातलेला, दिवसभर अण्णा खुर्चीतून हलले नव्हते. डाव्या खांद्यापासून तिरकी, थेट उजव्या कमरेपर्यंत, चार बोटं रुंद चुरगळलेली पट्टी होती. गाडीचा पट्टा बांधून लांबचा प्रवास केल्यावर पडते ना, तशी.

हात लावला तर ती अजून कोमट होती.